बारा न्यूटन मीटर आणि माझं मनगट

गेम खेळायच्या एका स्टिअरिंगपायी महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता. घरात सांगितलं असतं तर सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. पट्ट्यावर चालणारं जुनं स्टिअरिंग बाजूला ठेवून मला डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस घ्यायचा होता. त्यात मोटर थेट स्टिअरिंगलाच जोडलेली असते. पडद्यावरची गाडी भिंतीला धडकली की हिसका सरळ हातात येतो. पाच न्यूटन मीटर जोराचा घ्यावा की बाराचा, एवढाच प्रश्न. पण वर्षापूर्वी प्रकाशा गावाच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडल्यापासून माझ्या उजव्या मनगटात प्लेट होती. हात एकदम बरा आहे, असं मी सगळ्यांना ठासून सांगत होतो. स्वतःलाही.

शेवटी हिशोब मांडला. बाराचा जोर म्हणजे स्टिअरिंगच्या कडेला साधारण आठ किलो. जुनं स्टिअरिंग सुटं केलं, उजव्या कडेला दोरीनं बादली बांधली आणि ते दोन्ही हातांनी समोर धरून लोणखेड्यातल्या आमच्या अंगणात उभा राहिलो. पाणी ओतायला वडिलांना बोलावलं. आबांनी उभी हयात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर नेला. हा पोरखेळ बघून ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. एकेक तांब्या ओतत माझ्या हाताकडे बघत राहिले.

तीन तांबे निभावले. चौथ्याला बोटं बधिर होत होती आणि मी ते चेहऱ्यावर दिसू देत नव्हतो. पाचव्याला बादली धाडकन माझ्या पायावर आली. डाव्या हातात स्टिअरिंग तसंच होतं. उजवा कधी सुटला, ते मला कळलंच नाही.

दोरी घसरली असेल, मी घाईघाईनं म्हणालो. आबांनी वाकून गाठ बघितली. ती पक्की होती. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूसाठी मी त्यांना आणि आईला माझ्या कारनं सुरतला नेणार होतो.

आबांनी तांब्या ओट्यावर ठेवला.

"सुरतले आपण बसमा जासूत," ते म्हणाले. "तुन्ही मायले मी सांगसू, माले कारमा चक्कर येस."

पाच की बारा, हा प्रश्न तिथंच संपला. मी मान खाली घालून हो म्हणालो. आबांना जन्मात कधी गाडी लागली नव्हती.