मौनदान आणि भोंगा

शुश्रूषागृहातल्या मावशी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. एकवीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्ख्या शहराची भांडणं आणि सोयरिकी एकमेकांना जोडून दिल्या. मग यंत्र आलं आणि अकरा बायकांना भिंतीवरचं एकेक घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. मावशींनी ते घड्याळ त्याच आठवड्यात विकलं आणि इथे आयाची नोकरी धरली. हे शुश्रूषागृह म्हणजे दवाखाना नव्हे. डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला इथे आणतात, आणि बरं होऊन इथून कोणी जात नाही. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांनी फार हळुवारपणे विचारलं, "इथलं वातावरण झेपेल ना तुम्हाला?" मावशी म्हणाल्या, "वातावरणाचं तुम्ही बघा. मला बादल्या कुठे आहेत ते दाखवा."

त्याला चौदा वर्षं झाली. वय त्रेसष्ट. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलून बदलून त्यांची कंबर कामातून गेली होती, पण त्यांना वैताग कंबरेचा नव्हता. वैताग होता कुजबुजीचा. भेटायला येणारा जो तो ओली छत्री ठेवावी तसा आपला आवाज दाराशी ठेवून आत येई आणि पेशंटच्या उशाशी उभा राहून डोळे टिपत राही. "अहो, तो अजून आहे! त्याच्याशी बोला!" असं मावशींनी किती जणांना खडसावलं असेल, त्याला गणतीच नाही.

चार नंबरच्या खोलीत एक टर्नर आजोबा होते. साखरेनं त्यांची नजर पार नेली होती, आणि चाळीस वर्षं लेथवर काढल्यामुळे कानही जवळजवळ गेले होते. मोठ्यानं बोललं तरच ऐकू येई. त्यांची नात सातवीत. घरात तिला भोंगा म्हणत. आजोबांशी बोलून बोलून तिला हळू बोलणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, आणि त्यापायी शाळेत आठवड्यातून दोनदा तरी ती वर्गाबाहेर उभी असे. दर शनिवारी येऊन ती आजोबांशी तावातावानं भांडे आणि आजोबा पुढचा आठवडाभर त्यावर जगत. पण गेले तीन शनिवार तिचा पत्ता नव्हता. आजोबा रोज विचारत, "आली का भोंगा?" डॉक्टर मात्र आता 'पुढचा शनिवार' हे शब्द उच्चारत नव्हते.

ती येत नव्हती, कारण तिच्या शाळेत मौनदानाची तालीम चालू होती.

मौनदान ही मुख्याध्यापिकांची कल्पना. शुश्रूषागृहाच्या मदतीसाठी ऐंशी मुलांनी चार तास तोंड उघडायचं नाही. त्यांनी ते पार पाडलं, तर एक फरशी कारखानदार शुश्रूषागृहाला हवेच्या तीन गाद्या देणार होते. एका मुलाच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तर गाद्या रद्द. मुलांच्या छातीवर बिल्ले होते: 'मी बोलत नाही, कारण मला वाटतं.' काय वाटतं, ते बिल्ल्यावर मावलं नव्हतं. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे, मौनाचा शेवटचा तास पेशंटांच्या सहवासात, फोटोग्राफरसह!

"इथल्या लोकांना शांतता कमी पडते अशी कोणी तक्रार केली होती का, साहेब?" मावशींनी व्यवस्थापकांना विचारलं.

"मावशी, तीन गाद्या! कूस बदलायची कटकट निम्म्यानं कमी होईल. तुमच्याच कंबरेसाठी चाललंय सगळं. एक तास कळ काढा."

कंबरेचं नाव काढल्यावर मावशींनी वाद सोडला. खोटं कशाला बोला, गाद्या त्यांनाही हव्या होत्या.

शनिवारी दुपारी चार नंबरमध्ये दहा मुलं ओळीनं येऊन उभी राहिली. पुढे मुख्याध्यापिका, ओठांवर बोट. त्यांचंही मौन होतं, म्हणून गळ्यात वही-पेन्सिल लटकावलेली. ओळीत तिसरी भोंगा. ओठ इतके घट्ट मिटलेले, की दातात काही धरलंय असं वाटावं.

आजोबांनी मान वळवली. "कोण आहे? वारा अडलाय."

"शाळेची मुलं आहेत, आजोबा!" मावशी ओरडल्या.

"मुलं आहेत की कपाटं? बोलत का नाहीत?"

"त्यांचं मौन आहे!"

"का? कोण गेलं?"

"कोणी नाही!"

आजोबांनी उशीवरून मान उचलली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मी गेलो का?"

फोटोग्राफरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. आजोबांचा हात चादरीवर चाचपडत होता. "खरं सांगा मावशी. भोंगा आहे का त्यांच्यात?"

मावशींनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली: वीस मिनिटं. मग वहीत लिहून वही पुढे केली: 'कृपया.' खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

"नसेल," आजोबा स्वतःशीच म्हणाले. "असती तर मला कळलं असतं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

भोंग्याच्या छातीवरचा बिल्ला वरखाली व्हायला लागला. मावशींनी वही बाजूला सारली आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू आलीच नाहीस असं वाटतंय त्यांना. वीस मिनिटांनी तुला बसमध्ये कोंबतील. मग काय पुढच्या शनिवारी..." पुढचं त्यांनी गिळलं. "माझ्या कंबरेची काळजी तू करू नकोस. ती माझी मी बघेन. कळलं?"

पोरगी फुटली. "आजोबा! मी आहे! मघापासून आहे!"

खिडकीचं तावदान हललं म्हणतात, ते उगाच नाही.

आजोबा गर्रकन वळले. "मघापासून आहेस आणि थोबाड मिटून उभी? लाज नाही वाटत?"

"बोलले असते तर गाद्या गेल्या असत्या!"

"कसल्या गाद्या?"

"तुमच्या!"

"मी मागितली होती का तुझ्याकडे गादी? तीन शनिवार कुठे उलथली होतीस?"

"गप्प बसायची प्रॅक्टिस होती!"

"तुझी? गप्प बसायची? आणि पैसे कोण लावणार होतं तुझ्यावर, वेडा होता का तो?"

मुख्याध्यापिका वहीत भराभरा काहीतरी लिहीत होत्या. मावशी म्हणाल्या, "आता तोंडानंच बोला, बाई. मोडलं ते मौन."

सवयीनं बाई कुजबुजल्याच. "ऐंशी मुलांची मेहनत तुम्ही पाण्यात घातलीत."

"गप्प राहण्याची मेहनत? ती इथल्या बारा खोल्यांतली माणसं रोज करतात. बिल्ला न लावता."

तेवढ्यात पाच नंबरच्या आजींनी भिंतीवर काठी आपटली. आता त्या कटकट करणार म्हणून बाईंचा चेहरा जरा उजळला. पण आजी ओरडल्या, "अगं ए पोरी, तुझं येतंय ऐकू. त्या म्हाताऱ्याला जरा मोठ्यानं बोलायला सांग!"

कारखानदार शब्दाचे पक्के निघाले. गाद्या आल्या नाहीत. व्यवस्थापकांनी महिनाभर मावशींशी बोलणं टाकलं, आणि मावशींना तो महिना फार सुखाचा गेला. भोंग्याला शाळेनं शिस्तभंगासाठी घरी बसवलं. तसं पत्र घेऊन ती सोमवारी सकाळी आठ वाजताच चार नंबरमध्ये हजर झाली. पत्रावर पालकांची सही हवी होती. मावशींनी आजोबांच्या बोटांत पेन दिलं आणि कागदावर जागा दाखवली. आजोबांनी ऐटीत सही केली. ती ओळ सोडून खाली घसरली आणि छापलेल्या 'मुख्याध्यापिका' ह्या शब्दावर जाऊन बसली.

"किती दिवस बसवलंय घरी?" त्यांनी विचारलं.

"आठ!" भोंगा ओरडली.

"आठच?" आजोबा म्हणाले. "पंधरा तरी मागून घ्यायचे होतेस, गाढवे."