माझा टीबी आणि तिचा टीबी

हर्षाली माझी धाकटी जाऊ. इगतपुरीची. नाशिकला द्वारका चौकातल्या मोबाइलच्या दुकानात कामाला जाते, आणि घरी आली की चपला काढायच्या आधीच हसायला लागते. सगळ्यांची लाडकी. माझी नाही. तिचा मला हेवा वाटतो, लय वाटतो, आणि तो लपवायची मला सवय नाही.

गेल्या वर्षी तिला टीबी झाला, तोही साध्या औषधांना न जुमानणारा. लग्नानंतर मलाही तोच झाला होता. पण माझा टीबी कुठे आणि तिचा कुठे! मला दोन वर्षं औषधं. त्यात कितीतरी महिने रोज सुई, धड बसता यायचं नाही. रोग गेला, पण त्या सुया माझा डावा कान घेऊनच गेल्या; त्याने ऐकूच येत नाही. हिला सहा महिने नुसत्या गोळ्या. नवीन निघाल्यात म्हणे. जरा बरं वाटल्यावर बाईसाहेब दुकानातही जायला लागल्या. या गोळ्या निघायच्याच होत्या तर मेल्या माझ्या वेळेला का नाही निघाल्या?

आणि आमच्या सासूबाई! माझ्या वेळी माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करंडा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "तुझं तूच लावून घे गं." सवाष्णीला असं कोणी म्हणतं का? चार बायांदेखत मी आपल्याच हाताने कुंकू लावलं. हर्षालीला यंदा त्यांनी स्वतः लावलं. शिवाय रोज अंडी उकडून देतात. मी विचारलं तर म्हणे, "डॉक्टर म्हणतात, औषध चालू आहे, घाबरायचं नाही." तळपायाची आग मस्तकात गेली.

या गोळ्या कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायच्या. त्यासाठी एका संस्थेची यशश्री नावाची मुलगी घरी यायची. परदेशातून येणारा पैसा थांबला आणि बिचारीची नोकरी गेली. दवाखान्यातून विचारलं, घरातलं कोण बघेल? सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. घ्या! जिच्यावर जळायचं तिलाच रोज पाण्याचा पेला भरून द्यायचा.

परवा हर्षाली गोळ्या तळहातावर घेऊन नुसतीच बसली. "ताई, पायांना मुंग्या येतात. दुकानात उभं राहवत नाही. आता मी बरी झालेय ना? मी सोडते. तुम्ही घेतल्या म्हणून सांगा."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, सोड. औषध अर्धवट सोडलं की रोग उलटतो, मग नवी गोळीसुद्धा लागू पडत नाही. मग कळेल तुला दुखणं काय असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"ऊठ," मी म्हटलं आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय तपासले, एका गोळीचा डोस कमी केला. बाकीच्या सोडायच्या नाहीत, असं बजावलं.

घरी आलो तरी हिचं रडगाणं चालूच. "नको ना ताई."

मग मात्र माझा तोल गेला. "गिळ मुकाट्याने! माझी माया उतू चाललीय असं समजू नकोस. जळते मी तुझ्यावर. तुझ्या पायांना मुंग्या आल्या तर डॉक्टर गोळी कमी करतो. माझ्या कानात शिट्ट्या वाजायच्या, तर घरात म्हणायचे, नाटकं करते!"

ती हळूच म्हणाली, "तुम्ही औषधं घेताना तुमच्यासमोर कोण बसायचं, ताई?"

"कोणी नाही."

तिने एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं. आणि मग माझे पाय धरून रडायला लागली. मी म्हटलं, "आता काय झालं? गिळल्यास ना?" तर मान हलवून म्हणाली, "माझ्यासाठी नाही रडत."

इतक्या वर्षांत माझ्या त्या दुखण्यासाठी कोणी रडलं नव्हतं.