सखारामला वाचून दाखवलेलं परीक्षण

सखाराम गेल्याचं मला कळलं ते सांगलीहून आलेल्या एका छापील निमंत्रणातून. 'आपल्या भागातील थोर हलगीवादक कै. सखाराम नाईक यांच्या निधनानिमित्त शोकसभा.' खाली वाद्यपथक स्पर्धा समितीच्या अध्यक्षांची सही आणि सभेची जागा, गूळ बाजारातली पत्र्याची शेड. साताऱ्यात शाळेच्या पडवीत उभा राहून मी ते वाचलं. आधी दुःख व्हायला हवं होतं. मला आधी संताप आला. तीन वर्षांपूर्वी याच समितीने याच शेडमध्ये सखारामला पाऊल ठेवू दिलं नव्हतं, आणि आता माणूस चितेवर गेल्यावर त्याचं नाव आत न्यायला त्यांना काही अडचण नव्हती.

तरी मी गेलो. अध्यक्ष पाऊण तास बोलले. दऱ्याखोऱ्यांत घुमणारा नाद आज थांबला वगैरे. मांगवाड्यातून एवढा कलावंत निघाला हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून आला की जणू त्याला वाढवण्यात त्यांचाच हात होता. मग मला 'जाणकार परीक्षक' म्हणून बोलायला उठवलं. "फार मोठा वादक होता," एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवर आला. गहिवर कसला... तीन वर्षं घशात अडकलेली गोष्ट त्या शेडमध्येही बाहेर पडली नाही. ती आज लिहितो आहे. समितीवर मी रागावणार आहे, तो राग खरा आहे. पण वाचकांनी त्या रागामागे मला लपू देऊ नये.

सखाराम पाटणकडचा. नाईक हे त्याचं आडनाव नव्हे, पलटणीतला हुद्दा. पण परत आल्यावर सगळे त्याला त्याच नावाने ओळखू लागले. घरात हलगी पिढीजात. लढाईच्या काळात भरती झाला आणि पलटणीच्या बँडमध्ये ढोलावर गेला. लढाई संपल्यावर, साताऱ्यात एका मैदानावर पथकांची स्पर्धा होती, तिथे तो मला पहिल्यांदा भेटला. मी तेव्हा सांगलीच्या शाळेत कवायत मास्तर होतो, स्पर्धा बघायला म्हणून आलो होतो. पाऊस असा की मैदानाचा चिखल झालेला, आणि एकेक पथक पाय उपटत उपटत समोरून चाललेलं. माझ्या मागे खाकी कोट घातलेला एक काळासावळा गडी उभा होता आणि कुणाला ऐकवायचं नसल्यासारखा पुटपुटत होता.

"ह्यो ढोल वाजवतोय का पीठ चाळतोय?"

मी हसलो. त्याने डोक्यावरचं घोंगडं माझ्याही डोक्यावर ओढलं. पुढचे दोन तास आम्ही एका घोंगड्याखाली उभे होतो. एक पथक पावलांत चुकलं की तो आधीच सांगायचा, "आता बघा, डावीकडचा तिसरा मागं पडतोय," आणि तो पडायचाच. मी विचारलं, तुम्हाला आधी कसं कळतं? "पाय चुकायच्या आदी हातातलं टिपरू चुकतं, मास्तर. तुमी पायाकडं बघताय, म्हनून तुमास्नी उशिरा कळतंय." शेवटच्या पथकाच्या ताशांची कातडी पावसाने पार सैल पडली होती. सखाराम चिडला. "पावसात वाद्य जपता येत न्हाई त्यानं ते गळ्यात घालू नये. घरी बसून चटणी वाटावी."

त्या दिवसांत सांगलीच्या एका साप्ताहिकात मी 'निरीक्षक' या नावाने स्पर्धांची परीक्षणं लिहीत असे. निरीक्षक कोण, हे संपादक सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. साताऱ्याच्या त्या स्पर्धेवर मी लिहिलं ते लोकांना इतकं आवडलं की बाजारात त्यातली वाक्यं ऐकू येऊ लागली. पीठ चाळण्याचं वाक्य, टिपरू आणि पाय यांचं वाक्य. सगळी सखारामची होती. ग्रामीण बोली पुसून, शुद्ध करून मी ती माझ्या नावावर, म्हणजे माझ्या खोट्या नावावर, खपवली. पुढे वर्षभर तो बाजाराला सांगलीत आला की माझ्या खोलीवर यायचा, आम्ही वाद्यांवर बोलायचो, आणि तो गेल्यावर मी दौत उघडायचो. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. वाचायचं म्हटलं तर पलटणीत शिकवलेली रोमन अक्षरं तेवढी त्याला लागायची. आपली बाळबोध लिपी लागत नव्हती.

त्याच वर्षात त्याने वस्तीतल्या बारा जणांचं पथक उभं केलं. हलगी, घुमकं, झांज, सगळं जुनंच. पण चाल पलटणीची. बारा जण एका पावलावर, वळताना एक रेघ. पुढच्या भाद्रपदात सांगलीला समितीची मोठी स्पर्धा जाहीर झाली. पहिल्या आलेल्या पथकाच्या प्रमुखाला शहरातल्या तालमींच्या आणि शाळांच्या पथकांना शिकवायला नेमायचं, असं समितीने ठरवलं होतं. सखाराम त्यासाठीच उतरला. मला म्हणाला, "ढालबिल ऱ्हाऊ द्या. शाळेत 'मास्तर' म्हनून जायचं हाय मला. पुढच्या दारानं." त्या स्पर्धेला तीन परीक्षक होते. त्यातला एक मी.

दिवसभर पाऊस. ढोल-ताशा वाजवणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो : कातडं ओलं झालं की सैल पडतं, आवाज बसतो, आणि आगीवर शेकल्याशिवाय वर येत नाही. म्हणून समितीने शेडमध्ये उसाच्या पाचटाची शेकोटी केली होती. एकेक पथक आत जाऊन वाद्यं शेकून बाहेर येत होतं. सखारामची माणसं आली तेव्हा दारातल्या स्वयंसेवकाने हात आडवा धरला.

"तुमची शेकोटी तिकडं लावा. भाईर."

"भाईर पाऊस हाय, दादा. पाचट पेटंल का?"

"मग काय करू? आत तालमीची वाद्यं हायती."

"तालमीचा ढोल मीच मढीवलाय की मागल्या साली. तवा चालला माझा हात."

स्वयंसेवक हसला, पण हात काढला नाही. मी दहा पावलांवर परीक्षकांच्या खुर्चीत बसलो होतो, हे सगळं ऐकत होतो. सखारामने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गुणांच्या कागदावर रेघा आखू लागलो... कातड्याला विटाळ असतो म्हणावं तर आत शेकत असलेला प्रत्येक ढोल कातड्याचाच होता, आणि ते कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी ताणून बसवलं? शेकोटीजवळ बसलेल्यांपैकी एकानेही नाही. एवढी साधी गोष्ट त्या शेडमध्ये कुणाला सुचली नाही, आणि ज्याला सुचली त्याने रेघा आखल्या.

सखारामने वाद घातला नाही. बाराही जणांना अंगरखे उघडायला लावले आणि वाद्यं उघड्या छातीशी धरून, पाठमोरं, शेडच्या भिंतीला लागून उभं केलं. अर्धा तास ते तसे उभे होते. बघणारे चेष्टा करत होते, "काय रं, पोरगं निजवताय व्हय?" अंगाच्या उबेने कातडं किती तापणार? थोडंच. पण सखारामला त्या थोड्यावरच वाजवायचं होतं. नाव पुकारल्यावर पथक मैदानात आलं तेव्हा त्याने ठरलेली द्रुत चाल टाकून दिली. लय निम्म्यावर आणली. काठावरचा कडकडाट ओल्या हलगीतून निघणार नव्हता, म्हणून तो मागितलाच नाही. सगळं वादन कातड्याच्या मध्यावर घेतलं. बारा जण चिखलात संथ पावलं टाकत पुढे आले आणि नदीपलीकडे कुठे दरड कोसळते आहे असा आवाज येऊ लागला, लांबचा, जड, एकसारखा. माझ्या शेजारचे परीक्षक पान चघळायचे थांबले. मी आयुष्यात शेकडो पथकं ऐकली आहेत. तसं वादन पुन्हा ऐकलं नाही.

मी त्यांना पहिला क्रमांक दिला. हे खरं आहे, आणि ते फक्त दहा मिनिटं खरं राहिलं. कागद गोळा करताना अध्यक्ष माझ्याजवळ आले. आमच्या शाळेच्या मंडळाचेही तेच अध्यक्ष होते. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मास्तर, हे काय? स्वर कुठं होता त्यांचा? उद्या हा गडी शाळेत शिकवायला आला तर पालकांना तुम्ही उत्तर देणार का?" आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मला धमकीची गरजच पडली नाही, याची लाज मला त्या अध्यक्षांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त वाटते. मी पेन्सिलीने आकडा खोडला आणि सखारामला चौथा केलं. पेन्सिल त्यांनीच दिली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणून थोडाफार उरलो असतो. पण आकडा खोडला की त्याला कारण लागतं, आणि कारण 'निरीक्षका'ने पुरवलं. साप्ताहिकात मी लिहिलं : 'पाटणकडील सखाराम नाईक यांच्या पथकाचा स्वर आरंभापासूनच उतरलेला होता. पावसात वाद्य जपता येत नाही त्याने ते गळ्यात घालू नये.' दुसरं वाक्य कुणाचं, ते वाचकांनी ओळखलं असेल. साताऱ्याच्या मैदानावर, एका घोंगड्याखाली मला दिलेलं वाक्य मी त्याच्याच छातीवर मारलं. आणि शेडच्या दाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

महिन्याभराने सखाराम खोलीवर आला. पटक्याच्या शेवात घडी करून ठेवलेला कागद त्याने माझ्यापुढे धरला. पाटणच्या एका दुकानदाराने 'तुझं नाव छापून आलंय रं' म्हणून हसत हसत दिला होता. काय छापलंय ते दुकानदाराने सांगितलं नाही, आणि हसण्यामुळे सखारामने विचारलं नाही.

"वाचा की, मास्तर. काय लिवलंय ते लिवलंय. आईकतो."

कागद हातात घेऊन मी वाचू लागलो. छापलं होतं ते नव्हे. 'पाटणकडील सखाराम नाईक यांच्या पथकाने ओल्या कातड्यातून जो नाद काढला तो या स्पर्धेत दुसऱ्या कुणालाही साधला नाही. त्यांना शेकोटीपाशी जागा मिळाली नव्हती. तरीही एका परीक्षकाने त्यांना पहिला क्रमांक दिला होता.' कधी नव्हे ते माझ्या तोंडून खरं परीक्षण बाहेर पडत होतं, आणि ते खोटं वाचन होतं. सखाराम खाली मान घालून ऐकत होता. मला तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा शब्द तेच राहावेत म्हणून मला घाम फुटला. शेवटी त्याने डोळे पुसले, कागद मागून घेतला. "मंग झालं तर. शिकवायचं न्हाई मिळालं, न्हाई तर न्हाई. कुनीतरी आईकलं." पुढच्या वर्षी त्याचं पथक मोडलं, पोरं कामाला मुंबईला गेली. मी साताऱ्याला बदली मागून घेतली. तो भेटायचा तेव्हा मी घाईत असायचो.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी त्याच्या घरी समाचाराला गेलो. तापाने गेला, चार दिवसांत. त्याची बायको गोदाबाई उंबऱ्यात बसली होती. एकच खोली. आत भिंतीवर हलगी, आणि हलगीशेजारी चौकटीत, काच लावून, तो कागद. कराडच्या बाजारातून चौकट करून आणली होती म्हणे. गावात वाचणारे होते, पण त्यांच्या ओट्यावर चौकट घेऊन कोण जाणार, आणि ते या वस्तीत कशाला येणार? समाचाराला आलेली आठदहा माणसं बसली होती. गोदाबाईंनी चौकट खाली काढून माझ्या हातात दिली.

"वाचा, मास्तर. मालक दर दिवाळीला म्हनून दाखवायचं. आता तुमच्याच तोंडनं हुं दे."

काचेखाली माझी छापील वाक्यं होती. मी ती बघत बघत दुसरी वाक्यं म्हटली, नाद, कातडं, शेकोटी... आणि शेवटचं वाक्य गिळलं. त्या माणसांसमोर ते मला म्हणवेना. चौकट परत देऊ लागलो तर गोदाबाईंनी हात पुढे केला नाही.

"एक ऱ्हायलं. परीक्षकाचं."

मी बाहीने काच पुसू लागलो.

"लाजून गाळलंत व्हय? मालकांस्नी ठावं हुतं त्यो परीक्षक कोन ते. म्हनायचं, मास्तर सवताचं नाव कवा सांगायचा न्हाई, लय भिडस्त मानूस हाय." आणि मी अडवायच्या आत त्या वाकून माझ्या पायाला हात लावून गेल्या.

तिथून मी उठलो, मोटार गाठली, घरी आलो आणि हे लिहायला बसलो. ज्या रविवार पुरवणीत हे छापून येईल तिच्या संपादकांना मी सांगितलं आहे की यातला एक शब्दही कमी करू नका, आणि लेखाखाली 'निरीक्षक' नको, माझं खरं नाव घाला. पुरवणी रविवारी सकाळी साताऱ्यात मिळते, पाटणला दुपारच्या मोटारीने पोचते. त्याच मोटारीने मी जाणार आहे, कारण दुकानदाराच्या हसण्यातून हे त्या घरात पोचायला नको. गोदाबाईंपुढे बसून हा कागद वाचीन, या वेळी छापलं आहे तसं. मग काचेखालचा तोही वाचीन, छापला आहे तसा. त्यानंतर चौकट भिंतीवर राहील की चुलीत जाईल, ते त्या ठरवतील. हलगीला मी हात लावणार नाही.