बुकित बातोकचा थापाड्या टांझानियात

माझ्या मुलीने मला नोकरीवरून काढलं, म्हणून आम्ही टांझानियाला गेलो. आज हे सांगितलं की लोक हसतात, पण तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

नोकरी म्हणजे झोपताना गोष्ट सांगायची. मुक्ता नऊ वर्षांची, जन्म सिंगापूरचा. आमचं घरही तिथलंच, बुकित बातोक भागात. मी पेशाने ऑडिटर. आता गोष्टीतला राजा प्रजेला पोतीच्या पोती मोहरा वाटायला निघाला, तर खजिन्यात तेवढ्या शिल्लक आहेत का, हे कोणीतरी बघायला नको का? मी बघायचो. एकदा असाच खजिना तपासत असताना मुक्ताने उशी डोक्यावर ओढली आणि तिथल्या पोरांच्या, शेपटाला 'लाह' लावणाऱ्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, युअर स्टोरी लाइक मीटिंग, लाह. फ्रॉम टुमॉरो, आई टेल." झालं! नोटीस नाही, काही नाही. माझी बायको मृणाल दारात उभी राहून खो खो हसत होती. मला मात्र खूप लागलं. दिवसभरात मुक्ता माझ्या वाट्याला तेवढीच यायची हो.

पुढच्याच आठवड्यात मृणाल वाचनालयातून बातमी घेऊन आली. सिंगापुरातल्याच सेम्बावांग भागातल्या मिसेस लिम नावाच्या निवृत्त शिक्षिका शाळेच्या डिसेंबरच्या सुट्टीत चार कुटुंबांना टांझानियातल्या एका गावी राहायला नेणार होत्या. दिवसा गावच्या शाळेत मुलांबरोबर शिकायचं, रंगकाम करायचं, आणि संध्याकाळी गोष्टी. त्यांनी त्यांच्या सांगायच्या, आपण आपल्या. "तुला शिकवणी लावली असं समज," मृणाल म्हणाली. मी खर्चाचा विषय काढला. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी बॅगा काढायला माळ्यावर चढलो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पिवळ्या तापाची लस आधी घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टलाच अडकवून ठेवा. अमेरिकन डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या न्या, जुन्या कोणी हातात धरत नाही. टांझानियाचा व्हिसा सीमेवरच मिळतो, माणशी पन्नास डॉलर. आम्ही दुबईमार्गे नैरोबीला उतरलो आणि तिथून छोट्या बसने नमांगाची सीमा ओलांडून टांझानियातल्या अरुशाला गेलो. सामान टपावर असतं, तेव्हा मृणालसारखी पांढरी बॅग नेऊ नका. आमची अरुशात उतरली तेव्हा विटकरी झाली होती. "शेड छान आलीय," असं मी म्हणालो, आणि पुढचे दोन तास आमच्यात संवाद झाला नाही.

गाव मेरू पर्वताच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये. आमची सोय मामा नीमा यांच्या घरी होती. तिकडे आईबापांना पोराच्या नावाने हाक मारतात. नीमाची आई ती मामा नीमा. आणि बापाला तिकडेही बाबाच म्हणतात! त्यामुळे चहा संपायच्या आत मी 'बाबा मुक्ता' झालो होतो. माझं नाव, डिग्री, हुद्दा, कशाशीच कोणाला देणंघेणं नव्हतं. मुक्ता मात्र एकदम खूश, कारण गावभर तिचंच नाव घेतलं जात होतं.

खाण्याची चिंता करू नका. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, फक्त तेल सढळ हाताने. सोबत राजम्यासारखी उसळ, कच्च्या केळ्यांचा रस्सा आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मृणालने शेंगदाण्याची चटणी नेली होती. मामा नीमांनी ती एकदा चाखली, बरणी उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्यानंतर ती बरणी काही आम्हाला दिसली नाही. मधल्या एका दिवशी जवळच्या अभयारण्यात जाऊन आलो. जिराफ इतक्या जवळून पाहिले की मिसेस लिम त्यांना चक्क "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. स्वेटर मात्र न्याच, संध्याकाळी गारठा पडतो.

आणि संध्याकाळी गोष्टी! जेवणं झाली की मामा नीमांच्या अंगणात अर्धं गाव जमायचं. गावच्या शाळेतले जोसेफ गुरुजी इंग्रजीत सांगायला असायचे. सांगणारा ओरडतो, "हदिथी, हदिथी!" सगळे उत्तर देतात, "हदिथी न्जो, उओंगो न्जो, उतामु कोलेया!" मी अर्थ विचारला. गुरुजी म्हणाले, "गोष्टी, तू ये. खोट्या, तू ये. गोडी आणखी वाढू दे."

"खोट्याला बोलावता? मुद्दाम?" मी विचारलं.

"ते आलं नाही, तर गोष्ट कशी येणार?" गुरुजींना माझा प्रश्नच कळला नाही.

शेवटच्या संध्याकाळी पाहुण्यांची पाळी होती. मिसेस लिमनी कासवाची गोष्ट अशी रंगवली, की म्हाताऱ्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. तेवढ्यात मृणालने जाहीर करून टाकलं, "आमच्याकडून बाबा मुक्ता!" अंगणात एकच जल्लोष. मुक्ताने माझी बाही घट्ट धरली. "बाबा, प्लीज डोन्ट. सो मलू, लाह." सिंगापुरातल्या पोरांच्या भाषेत याचा अर्थ, मला लाज आणू नकोस.

मी उभा राहिलो. "हदिथी, हदिथी!" ओरडलो. उत्तर दणक्यात आलं, आणि डोकं साफ रिकामं झालं. थाप म्हणून एक सुचेना! शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपलं घर कसं आहे ते सांगावं आणि खाली बसावं.

"आमचं घर जमिनीवर नाही," मी म्हणालो. "सहा घरांच्या डोक्यावर ते सातवं आहे." हशा. "वर न्यायला एक लोखंडी पेटी आहे. पण ती आमच्या घरापाशी थांबत नाही. नवव्या मजल्यावर सोडते, मग आम्ही दोन जिने उतरून घरी येतो." मोठा हशा. मी गोंधळलो. आमची लिफ्ट खरंच पाचव्या आणि नवव्यालाच थांबते. "जेवायच्या जागी आम्ही टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून निघून जातो. परत येईपर्यंत कोणी जागाही घेत नाही, पाकीटही नाही." एक आजोबा हसता हसता बाकावरून घसरले. "सार्वजनिक संडासात पाणी ओतलं नाही तर दंड होतो." बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला चेव चढला. "आणि गटाराचं पाणी आम्ही इतकं स्वच्छ धुतो, की बाटलीत भरून पितो!"

"बास!" मामा नीमा डोळे पुसत उठल्या. गुरुजी सांगायला लागले, "त्या म्हणतात, खोटं बोलायचं म्हणजे किती? आता साक्ष काढू." मामा नीमांनी मुक्ताला पुढे घेतलं. "तू सांग. तुझे बाबा खरं बोलतायत का?"

मी निर्धास्त होतो. गटाराच्या पाण्यासकट सगळं खरंच होतं. ती रोज त्याच नवव्या मजल्यावरून दोन जिने उतरते. मुक्ताने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्या चेहऱ्यांकडे. मग हात कमरेवर ठेवून ठणकावून म्हणाली, "नो, लाह! ऑल लाय! माय बाबा व्हेरी, व्हेरी बिग लायर!"

अंगण अक्षरशः उसळलं. बक्षीस म्हणून मला एक जिवंत कोंबडी मिळाली. ती मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि मुक्ता शेजारच्या पोरांना परत परत सांगत होती, "दॅट वन, माय बाबा." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? कोंबडीने मात्र माझी पँट बदलायला लावली. सकाळी निघताना ती मामा नीमांच्या हवाली केली.

घरी आलो. पहिल्या रात्री मी दात घासून, चष्मा पुसून तिच्या खोलीशी हजर. "टायर्ड, बाबा. टुमॉरो," ती म्हणाली आणि कूस बदलली. दुसऱ्या रात्रीही तेच. मी मृणालला म्हटलं, "कोंबडी मिळाली, नोकरी काही मिळाली नाही." सहलीतून काय राहिलं म्हणाल तर थोडा खोकला, बरेच फोटो आणि पोटात उगालीचा घट्टपणा, असा हिशेब मी मांडून मोकळा झालो होतो.

शनिवारी संध्याकाळी भाजी घेऊन येत होतो. आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे, व्हॉइड डेक म्हणतात. इतक्या वर्षांत तिथे कोणी कोणाशी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. आज दगडी बाकाभोवती सात-आठ पोरं दाटून बसली होती. चौथ्या मजल्यावरची मलय जुळी, समोरच्या दाराची चिनी मुलगी, काही अनोळखी. बाकावर मुक्ता. "हदिथी, हदिथी!" ती ओरडली आणि पोरांनी जमेल तसं उत्तर दिलं. गोष्टीत तिचे बाबा होते, म्हणजे मी. गेंडा अंगावर धावून आला तेव्हा मी म्हणे त्याला मराठीत असा दम दिला, की तो मान खाली घालून माझ्यामागे चालत अरुशाच्या बाजारापर्यंत आला.

गेंडा आम्हाला शेपटीएवढासुद्धा दिसला नव्हता.

जुळ्यांपैकी एकाने मला पाहिलं. "अंकल! ट्रू ऑर नॉट?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मुक्ताही माझ्याकडे बघत राहिली. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि घसा साफ केला.

"ट्रू," मी म्हणालो. "आय ॲम ॲन ऑडिटर. आय चेक्ड."

"वाऽऽ!" पोरं ओरडली. "देन? देन व्हॉट हॅपन्ड?"

मुक्ता बाकावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस ना, बाबा. पुढचं तू सांग."

पुढे काय झालं याची मला सुतराम कल्पना नव्हती. मी बसलो आणि सांगायला लागलो.