पहिल्या ओळीवरची टिक

माझ्या धाकट्या दिराला गल्लीत सगळे पुसण्या म्हणतात आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याचे मी मनापासून आभार मानते. तो संगणक दुरुस्त करतो, म्हणजे पुसून कोरा करतो. नवी सिस्टिम जुन्यावरच चढवून द्या, सगळं जागच्या जागी राहील, असं कुणी म्हणालं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. अंगाला खरूज असताना वरून नवा सदरा घालणार का, असं तो गिऱ्हाइकालाच विचारतो. मग एक पाठकोरा कागद पुढे सरकवतो. काय ठेवायचं ते लिहा, यादीत नाही ते राहणार नाही. लोक बिचारे निमूट लिहितात.

ही खोड त्याला एका शाळेत लागली. तिथल्या संगणकाच्या खोलीत तो नोकरीला होता. एक जुना संगणक त्याने न पुसता वरवर नवा केला आणि त्यातल्या व्हायरसने ऐन परीक्षेच्या आठवड्यात अख्खी खोली आडवी केली. मुख्याध्यापकांनी पोरांसमोर त्याची खरडपट्टी काढली. तेव्हापासून जुनं म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. दर वर्षी तो फोनमधले नंबरसुद्धा पुसून टाकतो. ज्याला गरज असेल तो करेल म्हणे. एकदा सख्ख्या बहिणीलाच त्याने विचारलं, कोण बोलतंय? घरात यावर सगळे हसतात. मला कधीच हसू आलेलं नाही.

माझं काम भरतकामाचं. पुढच्या खोलीत सहा सुयांचं मशीन, मागच्या खोलीत संगणक. शाळांचे, बँडवाल्यांचे, रखवालदारांचे बिल्ले मी करते. सुई कुठून कुठे जाईल ते टाक्याटाक्याने संगणकावर आखायचं, त्याला आम्ही पंचिंग म्हणतो. सोळा वर्षांत नऊशेच्या वर बिल्ले आखले. ज्या प्रोग्रामवर ते आखले तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली. तो एकदा काढला की पुन्हा चालू होत नाही, कारण परवानगी द्यायला पलीकडे कुणी उरलेलंच नाही. आणि त्याच्याशिवाय माझी एक फाइल उघडत नाही.

मशीनचा एक भाग बदलला, तो जुन्या सिस्टिमवर चालेना. नवरा म्हणाला, घरात माणूस असताना बाहेर कशाला जायचं? मी दिराला प्रोग्रामची सगळी कथा दोनदा ऐकवली. जुन्यावरच नवं चढवा, पुसायचं नाही. त्याने मान डोलावली आणि कागद सरकवला. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, पंचिंगचा प्रोग्राम, हलवायचा नाही. खाली रेघ मारली. त्याने ते वाचलं, समोर टिक केली, आणि मी तयार बिल्ले पोचवायला बाहेर पडले.

परत आले तर पडद्यावर कुठल्याशा डोंगराचं चित्र आणि कोपऱ्यात एकच फोल्डर. त्यात माझ्या सगळ्या फाइली होत्या, नावानिशी, एकही कमी नाही. एकही उघडेना.

"प्रोग्राम कुठाय, भावजी?"

"नवा टाकू की, नेटवर सगळं मिळतं," तो म्हणाला. "वहिनी, आत किती घाण साठली होती, तुम्हाला कल्पना नाही."

मिळाला नाही. चार दिवस तो शोधत होता आणि रोज त्याचं तोंड थोडं आणखी उतरत होतं. ते बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. राग आला म्हणणं फारच सौम्य झालं. त्याचे ते स्वच्छ नखांचे हात सहाच्या सहा सुयांखाली धरावेत असं वाटत होतं. नवऱ्याचं म्हणणं, त्याने भल्यासाठीच केलं, झालं गेलं सोडून दे. मी नवऱ्याशीही आठवडाभर बोलले नाही.

मग मीच मार्ग काढला. प्रत्येक बिल्ल्याचा एक नमुना मी वह्यांत चिकटवून ठेवलेला आहे. नवा प्रोग्राम आणला आणि दिराला सांगितलं, रोज चार वाजता यायचं आणि वहीत बघून एकेक टाका पुन्हा आखायचा. तो येतो. नाकासमोर बघून काम करतो, चहा विचारला तर नको म्हणतो. मीही एकदाच विचारला.

काल पहिल्या वहीतला बिल्ला निघाला, एका शाळेचा, मधे दिवा असलेला. दिराने ज्योतीवर बोट ठेवलं.

"ही डावीकडे कललीय, वहिनी. चुकलंय हे. आखतोच आहे तर सरळ करून टाकतो."

माझ्या पहिल्या वर्षाचं काम ते. तेव्हा मला टाका वळवताच येत नव्हता. पुढे यायला लागला तरी ती ज्योत मी कधी बदलली नाही. त्या शाळेची पोरं सोळा वर्षं तीच खिशावर लावून फिरतायत.

"वाकडीच काढा," मी म्हणाले. "ती चूक माझी आहे."

मग सवयीने त्याने पाठकोरा कागद ओढला आणि स्वतःच लिहिलं, चुका, हलवायच्या नाहीत.

"खाली रेघ मारा," मी म्हणाले. "आणि टिक करू नका."