ताडकळसच्या बाजारातली पांढरी गाडी

ताडकळसला माझा दवाखाना पेठेच्या एका टोकाला आहे. दोन खोल्या, बाहेर बाकडी. नातीला तपासताना आजीचा दमा आठवावा, इतकी घराघरांची ओळख. पेठेच्या दुसऱ्या टोकाला माझ्याहून बरेच ज्येष्ठ असे एक डॉक्टर होते. एखादी केस अडली की मी त्यांना फोन करायचे. मी माहेरी गेले की माझे पेशंट तेच बघायचे.

त्या वर्षी बाहेरच्या एका मोठ्या हॉस्पिटलची गाडी बाजारच्या दिवशी यायला लागली. पांढरी, काळ्या काचांची. फुकट तपासणी व्हायची आणि जाताना कुणा ना कुणाला ती शहरात घेऊन जायची. गाडीसोबत एक माणूस असायचा, गोड बोलणारा. एकदा तो माझ्याकडं आला.

"मॅडम, दारावर आमचा बोर्ड लावा. पेशंट आला की पुढं पाठवायचा. तुम्ही कशाला डोकं शिणवता?"

मी नको म्हटलं. त्यानं वाद घातला नाही.

"विचार करा," एवढंच म्हणाला. "सगळेच करायलेत."

पुढच्याच एका बाजारात भाजीच्या पालाजवळ एक मावशी कोसळली. माझ्याकडं कितीतरी वर्षं ब्लडप्रेशरची गोळी घेणारी. लोकांनी तिला मोटारसायकलवर मधे धरून आणलं. प्रेशर इतकं वर होतं की मशीन बिघडलं असं वाटून मी पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"मावशी, गोळी का सोडली?"

"म्या कुटं सोडली, बाई? पोटात जळजळ व्हायली म्हनून गाडीत बसले. तितं त्यांनी पुडीच काढून घेतली. म्हनले, गावातल्या डाक्टरचं समदं बंद. तुमाला इचाराया यायची मंग लाज वाटायली."

ती जगली. पण उजव्या हातात पहिल्यासारखा जोर आला नाही.

ती कोसळली त्याच दुपारी मी ज्येष्ठ डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं. "आपण एकत्र बोललो नाही, तर एकेक करून संपू," ते म्हणाले. आसपासच्या गावांतल्या डॉक्टरांना आम्ही दोघांनी फोन केले. प्रत्येक जण येतो म्हणाला. पेशंटनाही निरोप गेले. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी दुपारी मंगल कार्यालयात जमायचं ठरलं.

पेशंट आले. मोटारसायकलींवर, ट्रॅक्टरमध्ये बसून, म्हातारेकोतारे हाताला धरून आले. डॉक्टर मात्र दोघे-तिघेच, तेही मागच्या रांगेत. बाकीच्यांचे फोन बंद. ज्येष्ठ डॉक्टरांचाही पत्ता नव्हता. आणि दारात तो गाडीवाला माणूस उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला रामराम घालत होता, तब्येत विचारत होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर सगळ्यांचं शूटिंग घेत होता. त्याला कुणी हटकलं नाही. मीही नाही.

मी थोडक्यात बोलले. मग ती मावशी उठली. डाव्या हातानं उजवा हात धरून म्हणाली, "आमी गाडीचे दुश्मन न्हाई. लागलं तर जाऊ. पर आपल्या डाक्टरला इचारल्याबिगर कुनी चढायचं न्हाई. माजं काय झालं बगा."

"खरं हाय, खरं हाय," म्हणत लोकांनी हात वर केले. दारातला माणूसही हसत मान डोलवत होता.

तिथून मी थेट ज्येष्ठ डॉक्टरांकडं गेले. दिवा न लावता ते तपासणीच्या खोलीत बसले होते.

"माझ्या मुलाला त्यांच्याकडं नोकरी लागलीय, डॉक्टर."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"आधी लागली नव्हती," ते म्हणाले. "काल लागली."

त्यांच्या दारावर लवकरच नवा बोर्ड आला.

तरी लोकांनी शब्द पाळला. काही बाजार गाडी रिकामीच परत गेली. "बाई, जाऊ का?" विचारायला माणसं माझ्याकडं यायची. ज्यांना खरंच गरज होती, त्यांना मी स्वतः पाठवलं. पण एकेका गावातले बोर्ड बदलत गेले. सभेला मागच्या रांगेत बसलेला एक डॉक्टर एसटी स्टँडवर दिसला, तर मला बघून त्यानं तोंड फिरवलं.

मग एका सकाळी तो गाडीवाला माणूस माझ्या बाकड्यावर येऊन बसला. नंबर येईपर्यंत थांबला. आत येऊन त्यानं शर्टाची बाही वर केली.

"चक्कर येतेय, मॅडम. बघा जरा."

प्रेशर खरंच वाढलेलं होतं. मी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं.

"तुमच्या हॉस्पिटलात नाही दाखवलं?"

"तिथं एवढं ऐकून कोण घेतंय?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. दारापाशी जाऊन तो वळला. "तुमच्या शेजारचा गाळा आम्ही घेतलाय. बरं झालं, आता शेजारीच आपण."

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता सकाळपासून त्या गाळ्याकडच्या भिंतीत ड्रिल चालू असतं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तरी काही ऐकू येत नाही. ते थांबेपर्यंत मी आणि पेशंट एकमेकांकडं बघत नुसते बसून राहतो.