जमी गे का?

आमच्या साडूंनी मनात आणलं असतं, तर स्वतःच्या खुर्चीवरून न उठता एका दुपारी अर्धी सुरत हात चोळत बसवली असती. आणि त्यांनी ते कधीच मनात आणलं नाही, याबद्दल या शहरानं त्यांना शाल-श्रीफळ द्यायला हवं. आमची कंपनी कापडाची. हजिऱ्याच्या बाजूला सुताचा कारखाना, कामरेजला कापड रंगवायची तीन डाइंग, रिंगरोडवर ऑफिसं, आणि या सगळ्यांत मिळून काही हजार कॉम्प्युटर. पत्रं, हिशेब, मालाच्या याद्या ज्यात होतात त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की साडू आपल्या टेबलावरून ती या हजारो मशीनवर एकाच वेळी चढवतात. मी त्याच कंपनीत सुताच्या गोदामात आहे आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी कुणालातरी हाक मारतो. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. साडू हे नातं मुळात तुलना करण्यासाठीच निर्माण झालेलं आहे, आणि गेली वीस वर्षं त्या तुलनेत माझा दुसरा नंबर येतो. स्पर्धक दोनच आहेत.

साडूंना माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, मशीननं येतात. चलथाणला एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामांशी कुणीतरी ओळख करून दिली. मामा आमच्याच कंपनीतले निघाले. साडूंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "दुसरा मजला, खिडकीजवळचं मशीन. होळीपासून तुम्ही ते एकदाही पूर्ण बंद केलेलं नाही." मामा हातातली जिलबी तशीच धरून उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मशीन बंद करायला सुरुवात केली, असं साडूंनीच मला समाधानानं सांगितलं.

त्यांचं पंचांग वेगळं. लग्नसराईत अपडेट नाही, दिवाळीच्या आधी नाही, पगाराच्या आठवड्यात नाही आणि शनिवारी तर मुळीच नाही, कारण रविवारी बिघाड कळायला माणूस जागेवर नसतो. वरचे साहेब घाई करू लागले, की साडू मान डोलावतात आणि आपल्याच मुहूर्तावर काम करतात. शिवाय परतीची वाट तयार असल्याशिवाय ते एक पाऊल पुढे टाकत नाहीत. नवं चढवायच्या आधी जुनं कसं परत आणायचं, याची तालीम होते. घरीही तेच. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नवा कुकर आणला, तेव्हा महिनाभर जुना कुकर शेजारच्या शेगडीवर हजर असायचा. अक्का वैतागल्या, पण साडूंनी जुन्याची शिटीसुद्धा मोडीत काढू दिली नाही.

पण त्यांची खरी करामत म्हणजे 'शितं'. शितावरून भाताची परीक्षा, हे आपण नुसतं म्हणतो. साडू त्यावर नोकरी करतात. नवं सॉफ्टवेअर ते आधी बारा मशीनवर टाकतात आणि ही बारा माणसं निवडण्यात त्यांचं सगळं कसब असतं. गोड स्वभावाचा माणूस त्यांना चालत नाही. त्याचं बिघडलं तरी तो सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवा असतो कुरकुऱ्या, ज्याला अक्षर केसभर सरकलं तरी छातीत धडधडतं. मुलीच्या लग्नाआधी आचारी ठरवताना त्यांनी तीन नातेवाइकांना घरी बोलावून आधी जेवू घातलं होतं. त्या तिघांत मी होतो आणि मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं. आमची निवड कोणत्या गुणावर झाली होती, हे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

बारा शितांमधलं सगळ्यात भरवशाचं शीत म्हणजे कामरेजच्या डाइंगमधल्या जशुबेन. कोणत्या कापडाला कोणता रंग किती घालायचा, याची सगळी मापं त्यांनी एका फाइलमध्ये वर्षानुवर्षं बसवली होती, आणि तिन्ही डाइंग त्या फाइलवर चालायची. निवृत्तीचं वय उलटून गेलेलं, नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. त्या 'हो' म्हणाल्या की साडू बाकीच्या हजारांना सोडायचे.

मागच्या मोठ्या अपडेटला साडूंच्या अंगात ताप होता. सकाळपासून चाळीसेक फोन झाले होते. सुरतेत उभी हयात काढलेला माणूस, गुजराती अशी बोलतो की गुजराती लोक त्याला गाव विचारतात. पण तापात माणूस आईच्या भाषेत जातो. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी जशुबेनना फोन लावला आणि आमच्या खानदेशी अहिराणीत विचारलं, "जमी गे का?" म्हणजे, जमलं का? गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. जशुबेनना साहेबांच्या आपुलकीचं बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "हा साहेब, जमी लीधुं."

साडूंनी नोंदीत 'कामरेज, जशुबेन: मंजूर' लिहिलं आणि बटण दाबलं.

जशुबेननी ती फाइल जेवणानंतर उघडली. फाइल उघडली, पण आकडे हलेनात. तीन वाजेपर्यंत तिन्ही डाइंग थांबली आणि ओलं कापड जागच्या जागी राहिलं. परतीची वाट तयार होती म्हणून दिवेलागणीच्या आत सगळं पूर्ववत झालं, पण एक मोठी ऑर्डर हुकली. दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्या विभागांना बोलावलं. गोदामातर्फे मी होतो. मॅनेजरनी नोंदवही पुढे सरकवली. मंजुरीपुढे जशुबेनचं नाव होतं. करार पुढे चालवायचा नाही, इथपर्यंत बोलणं आलं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मारी ज भूल हशे, शेठ." माझीच चूक असेल. आपण नेमकं कशाला हो म्हणालो, हे त्यांना अजून कळलंच नव्हतं.

फोनवर काय झालं ते आता एकट्या साडूंना माहीत होतं. त्याच आठवड्यात त्यांचं नाव सगळ्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखपदासाठी पक्कं होत होतं. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. ते उभे राहिले आणि गुजरातीत म्हणाले, "शेठ, प्रश्न मी माझ्या घरच्या भाषेत विचारला. बेननी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, आणि ते खरं होतं. त्या जेवल्या होत्या."

सगळी खोली हसली. शेठ डोळे पुसेपर्यंत हसले. जशुबेनचा करार राहिला. प्रमुखाच्या खुर्चीवर महिनाभरात बाहेरून एक तरुण साहेब आले. साडूंना मात्र पुढे कित्येक महिने कँटीनमध्ये लोक ताट दाखवून "जमी गे का?" विचारत. ते शांतपणे "जमी गे" म्हणत आणि आपली पोळी मोडत.

आता जशुबेन मुलाकडे राहायला गेल्या आहेत. अपडेट परस्पर बाहेरून येतात, कधी आले ते कळतही नाही, आणि दुपारी कुणी कुणाला फोन करत नाही. साडूंची निवृत्ती जवळ आली आहे. प्रमुखपद का गेलं, हे त्यांनी घरी सांगितलेलं नाही. जबाबदारी नको म्हणून यांनीच नाही म्हटलं, असं अक्का धरून चालल्या आहेत. सणासुदीला आम्ही एकत्र जेवायला बसलो, की त्या वाढता वाढता हटकून म्हणतात, "यांच्यात धमकच नाही." साडू खाली मान घालून जेवत राहतात. दरवेळी वाटतं, आज सांगून टाकावं. अक्का, असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, एवढं तरी म्हणावं. पण मी आणखी थोडी आमटी मागतो. साडूंनीच सांगितलं नाही तर मी कोण, अशी मी स्वतःची समजूत घालतो. खरं कारण वेगळं आहे. सांगायला लागलो, तर त्या खोलीत मीही होतो आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो, हेसुद्धा सांगावं लागेल.